तीन पेडांची तार किती चौरस मिलिमीटरची? मये गावातल्या एका घराचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरातले आहे आणि त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी मुलांना वायरमन ट्रेड शिकवतो. दरवर्षी फळ्यावर तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ काढून दाखवतो, तरीही मावशीच्या सोप्यावर बसून चारचौघांत आकडा चुकवला.

घर डिचोली तालुक्यातले, मये तळ्यापासून फार लांब नाही. मधे राजांगण, चहूबाजूंनी खोल्या, वर मंगळुरी कौले. गावात वीज आली ती गोवामुक्तीनंतर. तेव्हा केलेले वायरिंग पुढच्या खोल्यांतून कधीच बदलले गेले, मागच्या दोन खोल्यांत मात्र ते तसेच राहिले होते. लाकडी पट्टीवरून पत्र्याच्या क्लिपांनी धरलेली रबरी वेष्टणाची तार, पोर्सेलीनचे किटकॅट फ्यूज (ज्यांतली तार हाताने बदलता येते), काळे बेकेलाइटचे स्विच.

या मागच्या खोलीत मावशीसाठी वैशाखात दीड टनी एसी बसवला. त्याचा सॉकेट जुन्याच तारेवर. शेजारच्या न्हाणीघरातला २ किलोवॅटचा गीझरही त्याच सॉकेटच्या बोर्डातून पुढे नेलेला. उन्हाळ्यात गीझर कोण लावतो? त्यामुळे दोन महिने कुणाला काही जाणवले नाही. श्रावणात पावसाने उघडीप दिली की उकाडा आणि संध्याकाळी आंघोळीला गरम पाणी, अशी दोन्ही कामे एकदम सुरू झाली, तेव्हा खोलीतला दिवा मंदावू लागला. मग सॉकेट तपकिरी पडला. मग वास.

गावातला वायरमन येऊन बघून गेला. तो म्हणाला, "हे तीन बावीस आहे, मावशी, बावीस नंबरी बारीक तारेचे तीन पेड. याच्यावर एसी चालायचा नाही. मेन बोर्डापासून नवीन चारची लाइन ओढूया." खर्चाचा आकडा ऐकून मावशीने अमेरिकेत असलेल्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, फोन केला. तो चवथीसाठी येणारच होता. आल्यावर पहिल्या दिवशी त्याने व्हर्नियर कॅलिपर घेऊन तार मोजली आणि निकाल दिला, की तार पुरेशी आहे, वायरमन उगाच खर्च वाढवतो आहे. इथे मला बोलावणे आले.

भावाचा हिशेब

त्याचे मोजमाप अगदी बरोबर होते, हे महत्त्वाचे. मेन बंद करून त्याने सॉकेटमागची तार सोलली. आत तीन पेड निघाले, पांढरट रंगाचे. आधी त्याला ते अ‍ॅल्युमिनियम वाटले, पण ब्लेडने खरवडल्यावर आत तांबडे दिसले. जुन्या रबरी तारांतल्या तांब्याला कल्हई केलेली असायची, कारण रबरातले गंधक तांबे खाते. प्रत्येक पेडाचा व्यास ०.७४ मिमी भरला.

पुढे त्याने केले ते असे: ०.७४ गुणिले ३ म्हणजे २.२२. बाजारात मिळते ती अडीचची तार, ही सव्वादोनची, म्हणजे जवळजवळ तीच. खात्रीसाठी त्याने फोनवर अमेरिकन गेजचा तक्ता काढला. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक; तो जितका मोठा, तितकी तार बारीक. तिकडे घरातल्या १५ अँपिअरच्या सर्किटला किमान १४ गेज लागते आणि १४ गेजपुढे लिहिलेले होते २.०८ चौरस मिलिमीटर. २.२२ हे २.०८ हून जास्तच. "दादा, तिकडच्या कडक नियमातसुद्धा ही तार बसते," तो मला म्हणाला.

त्याची चूक ऐकताना चटकन पकडता येत नाही, याचे कारण आपली बोलण्याची सवय. दुकानात आपण 'अडीचची तार द्या', 'दीडची द्या' म्हणतो. चौरस मिलिमीटर हे शब्द कधीच गळून गेले आहेत. राहिलेला 'अडीच' ऐकला की डोळ्यांसमोर अडीच मिलिमीटर जाडी येते. अडीच चौरस मिलिमीटरची सलग एकच तार घेतली तर तिची जाडी १.७८ मिमी असते, अडीच नव्हे. भावाने तीन जाड्यांची बेरीज केली, मिळालेली लांबी होती, आणि ती त्याने क्षेत्रफळाच्या तक्त्याशी ताडून पाहिली. योगायोगाने आकडे जुळले. आकडे जुळणे हीच खरी आफत, २.२२ऐवजी उत्तर २२ आले असते तर तो स्वतःच थबकला असता.

खरा हिशेब: एका पेडाचे क्षेत्रफळ म्हणजे ०.७८५४ (पाय, म्हणजे π, भागिले चार) गुणिले व्यासाचा वर्ग. ०.७४चा वर्ग ०.५४७६, त्यावरून ०.४३ चौरस मिमी. तीन पेडांचे मिळून १.२९ चौरस मिमी. अडीचची तार तर नाहीच, दीडचीही नाही.

मी त्याला हे वहीत मांडून दाखवले. तो म्हणाला, "पण तक्ता..." मी म्हटले, तक्ता बरोबर आहे, तू त्याला चुकीचा प्रश्न विचारलास. तरी त्याचे समाधान दिसेना. शेवटी जमिनीचा दाखला दिला, कारण त्याच सकाळी तो शेजारच्या प्लॉटची चौकशी करून आला होता. आपल्याकडे जमीन चौरस मीटरने विकतात. वीस मीटर बाय तीस मीटरचा प्लॉट कुणी 'पन्नास चौरस मीटर' म्हणून विकायला काढला तर तू घेशील की मालकाला वेड्यात काढशील? जमिनीच्या बाबतीत गोव्यात कुणाचीही ही चूक होत नाही. जागा नखाच्या टोकाएवढी झाली की हमखास होते.

माझी चूक

दरम्यान मावशीने कपाटातून एक जुनी फाइल काढली. घराचे पहिले वायरिंग झाले तेव्हाची सामानाची यादी, हाताने लिहिलेली. त्यात तारेपुढे '३/.०२९' आणि कंसात '.००२ चौ. इं.' असे होते. म्हणजे ०.०२९ इंच व्यासाचे तीन पेड, एकूण क्षेत्रफळ ०.००२ चौरस इंच. ब्रिटिश पद्धतीच्या तारांची ही मापे भारतात मेट्रिक आल्यावरही बरीच वर्षे दुकानांत आणि कारागिरांच्या तोंडात टिकून होती.

मला आनंद झाला. मोजमाप आणि कागद दोन्ही हाताशी, आता पडताळा करू. मी मोठ्याने म्हणालो, "इंचाचे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. ०.००२ गुणिले २५.४, म्हणजे..." आणि ०.०५ असे लिहिले.

वायरमन बाजूलाच खांबाला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही, फक्त वहीकडे बघत राहिला. ०.०५ चौरस मिलिमीटर म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची तार. तिच्यावरून एसी कसला, ट्यूबसुद्धा भरवशाने लावू नये. मी इंचाचे मिलिमीटर केले होते. चौरस इंचाचे चौरस मिलिमीटर करायचे तर २५.४ने दोनदा गुणायला हवे. २५.४ गुणिले २५.४ म्हणजे ६४५.१६. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी असे १९५९ साली ठरले, त्यामुळे हा ६४५.१६सुद्धा अदमासाचा नाही, नेमका आहे. आता ०.००२ गुणिले ६४५.१६ बरोबर १.२९.

मोजणीतून १.२९, कागदावरून १.२९. खरे तर कागदावरचा ०.००२ हा ढोबळ केलेला आकडा आहे. ०.०२९ इंचावरून बारकाईने काढले तर १.२८ येते. कल्हईचा थर आणि व्हर्नियरचा कमी-जास्तपणा धरला तर एवढा फरक राहणारच. वायरमनचे 'तीन बावीस' शास्त्रशुद्ध नव्हते. ब्रिटिश गेजने (अमेरिकन नव्हे) २२ गेजचा पेड ०.७११ मिमीचा, तीन मिळून १.१९ चौरस मिमी. पण नुसत्या नजरेने सांगितलेला त्याचा आकडा खऱ्याच्या जितका जवळ होता, तितके आम्ही दोघे शिकलेले भाऊ पहिल्या फटक्यात पोचलो नाही.

अमेरिकन तक्त्यातले वर्तुळाकार मिल

भावाच्या तक्त्यात चौरस मिलिमीटरशेजारी आणखी एक रकाना होता: सर्क्युलर मिल. १४ गेजपुढे ४,११०. हे एकक आपल्याकडे फारसे कुणी वापरत नाही, पण या प्रकरणात त्यानेच वाद मिटवला, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक मिल व्यासाच्या वर्तुळाचे जे क्षेत्रफळ, ते एक सर्क्युलर मिल. त्यामुळे कुठल्याही गोल तारेचे क्षेत्रफळ सर्क्युलर मिलमध्ये काढायला व्यास मिलमध्ये घ्यायचा आणि त्याचा वर्ग करायचा, संपले. पाय (π) लागत नाही, ०.७८५४ लागत नाही. पाय नाहीसा झालेला नसतो, तो एककाच्या व्याख्येत दडवून ठेवलेला असतो. तार मोजणाऱ्या माणसाने पायशी झटापट करू नये म्हणून कुणीतरी केलेली ही सोय मला फार हुशारीची वाटते.

आमची तार ०.०२९ इंचाची, म्हणजे २९ मिलची. २९चा वर्ग ८४१. तीन पेड, २,५२३ सर्क्युलर मिल. हे भावाने स्वतः फोनवर केले आणि तक्त्यात बोट खाली खाली नेले. ४,११०पाशी १४ गेज होते. २,५८०पाशी १६ गेज. "सोळा," तो म्हणाला. अमेरिकेत तो ज्या घरात राहतो तिथे भिंतीतून ही तार त्या कामाला कुणी घालू देणार नाही, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही.

एक सर्क्युलर मिल म्हणजे ०.०००५०६७ चौरस मिमी. २,५२३ला त्याने गुणले की पुन्हा १.२८. तीन वाटांनी गेलो, पोचलो एकाच जागी.

मीटरची साक्ष

हिशेब पटला, तरी तार खरोखर तशीच वागते का हे बघायचे होते. मेन बोर्डापासून सॉकेटपर्यंत तारेची लांबी २४ मीटर, जाऊन-येऊन ४८. एसी आणि गीझर दोन्ही चालू केले, क्लॅम्प मीटरवर १६ अँपिअर. मेन बोर्डावर २२६ व्होल्ट, सॉकेटवर २१३. वाटेत १३ व्होल्ट गळाले.

तांब्याचा विशिष्ट रोध २० अंशाला ०.०१७२४, आणि त्याचे एकक सोयीचे आहे: मीटर लांब, एक चौरस मिमी छेदाच्या तारेमागे ओहम. म्हणजे ४८ने गुणा, क्षेत्रफळाने भागा. १.२८ धरून रोध ०.६५ ओहम येतो आणि १६ अँपिअरला गळती १०.३ व्होल्ट. पण तार थंड नव्हती. पट्टीवर हात ठेवला तर नीट टेकवत नव्हता. ६० अंश धरले तर तांब्याचा रोध १६ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि गळती १२ व्होल्ट होते. उरलेला एक व्होल्ट सॉकेटच्या ढिल्या स्क्रूपाशी. एक व्होल्ट ऐकायला क्षुल्लक; १६ अँपिअरला तो १६ वॅट होतो, आणि नखाएवढ्या जागी १६ वॅट तापले की बेकेलाइट तपकिरी पडायला वेळ लागत नाही. तारेत मिळून १९२ वॅट जात होते ते वेगळेच, सुक्या लाकडी पट्टीच्या अंगाला.

भावाचा २.२ खरा असता तर तापलेल्या तारेतही गळती ७ व्होल्टच्या वर गेली नसती. आणि माझा ०.०५, नेमका ०.०५०८, खरा असता तर रोध १६ ओहमच्या वर, म्हणजे १६ अँपिअर वाहायला २६१ व्होल्ट नुसत्या तारेलाच लागले असते. घरात येतात २२६! हे वायरमनला सगळ्यांत आवडले. "सर, तुमच्या तारेवर दिवा उलटा पेटेल," तो म्हणाला.

फ्यूज उघडून पाहिला तेव्हा कोडे आणखी सुटले. एवढी तार तापत असताना फ्यूज का उडाला नाही? किटकॅटमध्ये कधीतरी कुणीतरी फ्यूज तारेऐवजी त्याच जुन्या तारेचा एक पेड बांधला होता. ०.७४ मिमी तांब्याचा पेड वितळायला प्रीसच्या सूत्राने ५० अँपिअरच्या आसपास लागतात. इथे आकडा व्यासाच्या वर्गाने नव्हे, दीडाव्या घाताने वाढतो, कारण तार तापते ती छेदावर आणि थंड होते ती पृष्ठभागावर. एवढे सांगून मी थांबलो, कारण मावशी म्हणाली, "तुमची शाळा पुरे. चवथीला सहा दिवस उरलेत, माटोळी बांधायची आहे."

नवीन तार, नवा संशय

एसीसाठी मेन बोर्डापासून चारची स्वतंत्र लाइन, गीझरसाठी अडीचची वेगळी, दोन्हींना आपापला एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच) आणि अर्थिंग. वायरमनने पहिल्या दिवशी सांगितले होते, त्यात गीझरच्या लाइनची आणि एमसीबींची भर. डिचोलीच्या बाजारातून गुंडाळ्या आणल्या.

आता भाऊ मोजायला सज्ज. चारच्या तारेत बारीक ५६ पेड, प्रत्येकी ०.३० मिमी. एका पेडाचे ०.०७०७, एकूण ३.९६ चौरस मिमी. चारला पुरेसे जवळ. "तुझ्या पहिल्या रीतीने किती झाले असते रे?" मी विचारले. ५६ गुणिले ०.३० म्हणजे १६.८. तो हसला. पेड तीनच असताना चूक लपते, ५६ झाले की उघडी पडते.

अडीचच्या गुंडाळीत ३६ पेड, पण त्याने मायक्रोमीटरने मोजले तर ०.२८ ते ०.२९च भरले. ०.२८ने २.२२ चौरस मिमी येते, ०.३०ने २.५४. त्याने लगेच दुकानदाराला चोर ठरवले. इथे मी त्याला अडवले, दोन कारणांसाठी. एक म्हणजे, मायक्रोमीटरचे लघुत्तम माप ०.०१ मिमी. ०.२८वर एवढी चूक व्यासात साडेतीन टक्के असते, पण क्षेत्रफळात दुप्पट, म्हणजे सात टक्के होते. बारीक तारेच्या मोजमापावरून कुणाला चोर म्हणण्याआधी हे सात टक्के खिशात ठेवावेत. दुसरे असे की तारेवर छापलेले 'अडीच' हे नाममात्र क्षेत्रफळ असते. मानकाच्या नियमांत तारेची तपासणी होते ती रोधावर. बारीक पेडांच्या लवचीक अडीच तारेचा रोध २० अंशाला किलोमीटरमागे ७.९८ ओहमपेक्षा जास्त नसावा, अशी अट आहे. १७.२४ला (तोच ०.०१७२४, किलोमीटरसाठी हजारपट) ७.९८ने भागले तर २.१६ चौरस मिमी येते. शुद्ध तांबे वापरून २.२२ चौरस मिमी देणारा कारखाना नियमात बसतो.

हे मला फारसे रुचत नाही, हेही सांगतो. गिऱ्हाइकाला 'अडीच' सांगून सव्वादोन हातात ठेवायचे आणि कागदोपत्री सगळे चोख. पण लबाडी म्हणायची तर ती रोध मोजूनच सिद्ध करावी लागेल, फुटपट्टीने नव्हे. आम्ही त्या गुंडाळीच्या ९० मीटरचा रोध मोजला असता तर बरे झाले असते, पण एवढा बारीक रोध नीट मोजणारे यंत्र घरी नव्हते. गीझर साडेआठ-नऊ अँपिअरच घेतो, २.२२ त्याला पुरते, म्हणून ती गुंडाळी तशीच वापरली.

काम दोन दिवसांत झाले. एसीच्या नव्या लाइनवर ८ अँपिअर वाहताना गळती हिशेबाने १.६७ व्होल्ट यायला हवी; मीटरवर कधी १.६, कधी १.८ दिसत होती. सॉकेट कोमटसुद्धा झाला नाही.

जुनी तार काढताना वायरमनला तिचे भंगार हवे होते. भावाने ती आधी एक रात्र मागून घेतली. रबर वाळून पापडासारखे झाले होते, नुसत्या बोटांनी सुटत होते. राजांगणात बसून त्याने सगळे पेड मोकळे केले. टोके कापण्यात थोडी तार वाया गेली होती, ४६ मीटर शिल्लक होती. वहीत त्याने लिहिले: १.२८ चौरस मिमी असेल तर ५९ घन सेंटिमीटर, तांब्याची घनता ८.९६, म्हणजे ५२८ ग्रॅम. २.२ असेल तर ९०७. मग मावशीचा स्वयंपाकघरातला काटा आणला, ज्यावर ती नेवऱ्यांचा रवा तोलत होती. काटा ५३६वर थांबला. त्याने बोटाने चिकटलेल्या रबराचे तुकडे खरवडून काढले आणि पुन्हा ठेवले. ५३१.